सातभाईंची शिट्टी

कुंदाताई,

नळाजवळची तुमची खुर्ची मी आत ठेवू दिली नाही. गेल्या रविवारी शाळेच्या पायऱ्यांवर मुलांची मानसभा भरली, तेव्हा आपल्या दोन्ही खुर्च्या नेहमीसारख्या गोलाबाहेर मांडलेल्या होत्या. एकीवर मी बसलो. दुसरी रिकामी होती. मुलं बोलता बोलता तिच्याकडे पाहत होती आणि माझ्याकडे पाहायचं टाळत होती. ते योग्यच होतं. त्या सभेत ज्याच्या निर्णयाचा विचार व्हायचा होता, तो मीच होतो.

आपल्या स्काउट पथकाच्या अंकासाठी तुमच्याविषयी लिहून द्या, असं पालकांनी मला सांगितलं आहे. तुमचं शिक्षण, शाळेतली नोकरी, स्काउटिंगमधली सन्मानपदकं हे सगळं दुसरं कोणीतरी लिहील. त्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली तुम्ही गणिताच्या बाईंच्या सवयीने लाल रेघ मारली असतीत. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण आपला एक वाद अर्ध्यावर राहिला आहे.

मी पथकात आलो तो मुलीला सोडायला. मैदानाच्या कडेला उभं राहून तुम्हाला म्हणालो होतो, "एवढीशीच तर मुलं आहेत. सगळ्यांना एकत्र घेतलं तर शिकवायला सोपं नाही का जाणार?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "शिकवायला सोपं जाईलच. इथे शिकवतंय कोण?" मग बहुधा माझी दया येऊन तुम्ही समजावून सांगितलंत. सगळ्या पथकात एक मूल आलं नाही, तर हजेरी घेताना कळतं. सातजणांच्या संघात एक आलं नाही, तर जेवण अडतं. कारण चूल त्याच्याकडे असते, किंवा पाणी, किंवा औषधांची पेटी. दहा वर्षांचं पोर आणि सोळा वर्षांचं पोर एकाच संघात, वर्षानुवर्षं. त्यांनी आपला संघनायक आपण निवडायचा. तीन संघांचे तीन नायक पायऱ्यांवर बसतील, ती मानसभा. पथकाचं जे काही ठरायचं ते तिथे ठरेल. मोठ्यांनी गोलाबाहेर बसायचं आणि विचारल्याखेरीज बोलायचं नाही.

"आणि त्यांनी विचारलंच नाही तर?" मी म्हणालो होतो.

"तर नळ ठिबकतोय का ते बघत बसायचं. मी तेच करते."

घार, टिटवी आणि सातभाई. हा तिसरा संघ तुमचा लाडका, हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. सातभाई म्हणजे ते करडे, गबाळे पक्षी. थव्याने राहतात, दिवसभर भांडतात आणि एकटे कधी दिसत नाहीत. आपल्या सातभाईंची कीर्तीही तशीच होती. सातभाईंचा कलकलाट तुम्ही ऐकत राहायचात, आणि टिटव्यांना मात्र गप्प बसवायचात.

मी नोकरीभर विमा कार्यालयात अपघातांचे दावे तपासले. काय काय होऊ शकतं, हे शोधण्याचा मला पगार मिळत असे. तुम्ही म्हणायचात, "तुम्हाला प्रत्येक झाडाखाली एक दावा बसलेला दिसतो." मी हसायचो. ते खोटं नव्हतं म्हणूनच हसायचो.

निनादच्या गोष्टीवरून आपण इतक्या वेळा भांडलो आहोत, की तिच्या दोन स्वतंत्र आवृत्त्या तयार झाल्या आहेत. माझी इथे लिहितो. तुम्ही तुमच्या जागेवरून दुरुस्त्या कराल याची मला खात्री आहे.

निनाद तेव्हा सातभाईंचा नायक होता, पंधराएक वर्षांचा. हिवाळ्याचे दिवस होते. स्वारगेटहून एसटीने आपण सगळे गेलो. डोंगराच्या पायथ्याच्या देवळात तुम्ही आणि मी थांबलो, आणि तिन्ही संघ वेगवेगळ्या वाटांनी वर गेले. दुपार कलताना घार उतरले. मग टिटवी आली. सातभाई आले नाहीत. तुम्ही देवळाच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून संध्याकाळच्या भातासाठी मटार सोलत बसला होतात.

"मी जाऊन बघतो," मी म्हणालो.

"बसा."

"ताई, उन्हं गेली की वाट दिसायची नाही."

"अहो, बसा. सात हरवलेत. तुम्ही गेलात की आठ होतील."

मी बसलो. उठलो. पुन्हा बसलो. डोंगराची सावली देवळापर्यंत आली. टिटवीतली एक लहान मुलगी रडायला लागली, आणि तिला गप्प करता करता माझाच आवाज बिघडला.

"त्यांच्याकडे नकाशा आहे, शिट्टी आहे, निनाद आहे," तुम्ही शेंगेवरून नजर न काढता म्हणालात. "तुमच्याकडे काय आहे?"

"काळजी आहे."

"ती काय वाट दाखवते का?"

मी गेलो. धापा टाकत चढलो, आणि दुसऱ्या वळणावर ते मला उतरताना भेटले. सगळे सात. वर एका फाट्याला चुकले होते, चूक कळल्यावर फाट्यापर्यंत मागे आले होते आणि बरोबर वाट धरून खाली येत होते. एवढ्यात निनादने मला पाहिलं. त्याचे खांदे एकदम खाली आले. मी काही बोलण्याआधी त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती गळ्यात घातली, फुंकली आणि पुढे चालू लागलो. ते मागून आले. देवळापाशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझ्या गळ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आलात? आठजण."

शिट्टी परत द्यायला गेलो, तर निनाद म्हणाला, "राहू द्या सर, तुमच्याकडेच." पुढच्या महिन्यात संघाने दुसरा नायक निवडला. निनाद काही दिवस येत राहिला, नंतर येईनासा झाला.

"तुम्ही त्याची शिट्टी घेतलीत," तुम्ही म्हणायचात.

"त्याने दिली," मी म्हणायचो.

हा वाद आपण शिबिरांत घातला, मंडईत भाजी घेताना घातला, तुमच्या सदाशिव पेठेतल्या घराच्या जिन्यात चपला घालता घालता घातला. प्रत्येक वेळी शेवटी मी म्हणायचो, "माझं चुकलं, ताई." आणि प्रत्येक वेळी तुम्ही जास्तच चिडायचात. एकदा तुम्ही मला जे सुनावलंत ते मी विसरू शकलेलो नाही. "तुमची माफी फार लवकर येते. समोरच्याला नीट रागवायलासुद्धा वेळ मिळत नाही." मी त्यावरही माफी मागितली होती.

दिवाळीनंतर तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि पथक माझ्याकडे आलं. नाताळच्या सुट्टीतलं शिबिर तोंडावर होतं. सातभाईंमध्ये तीनच मुलं उरली होती. दोघं दहावीच्या क्लासमुळे सुटले, एक वाघोलीला राहायला गेला, एकाने नुसतंच येणं बंद केलं. राहिली ती त्यांची संघनायिका मुक्ता. आणि सोहम आणि जयेश ही दोन लहान मुलं. पालकांच्या ग्रुपवर एका आईने विचारलं, "तीनच मुलं वेगळ्या तंबूत? सेफ आहे का सर?" त्या प्रश्नावर मी घरात येरझाऱ्या घातल्या. रविवारी प्रार्थना झाल्यावर मी जाहीर केलं, की मुक्ता टिटवीत जाईल, सोहम आणि जयेश घारमध्ये जातील, आणि सातभाई हा संघ तूर्त राहणार नाही. मुक्ताकडून झेंड्याची काठी आणि शिट्टी घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. कोणी काही बोललं नाही. त्या शांततेला मी होकार समजलो. घरी जाताना आपण किती चटकन मार्ग काढला, याचं मला थोडं कौतुकही वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. पण ते गाळलं तर हा मजकूर खोटा होईल.

पुढच्या रविवारी मुक्ता आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तुमच्यापासून मी हे लपवलं नाही, एवढंच माझ्या बाजूने. संत्री घेऊन आलो होतो. तुमच्या डाव्या हाताला सलाईन होतं. स्काउटचं हस्तांदोलन डाव्या हाताचं, म्हणून मी घुटमळलो आणि उजवा हात पुढे केला. "उजवा परक्यांना," असं म्हणून तुम्ही सुई लावलेल्या डाव्या हाताची दोन बोटं उचललीत. मी ती धरली. मग तुम्ही विचारलंत, "सातभाई काय म्हणतात?" आणि मी सांगितलं.

तुम्ही नजर छताकडे वळवलीत.

"मला सांगितलंत, बरं केलंत. मुक्ताला कोणी विचारलं?"

"सगळ्यांसमोरच जाहीर केलं, ताई."

"जाहीर केलंत. छान. गाडी रद्द झाल्याचंही स्टेशनवर जाहीर करतात."

"तीन मुलांचा संघ कसा चालणार? तुम्हीच सांगा."

"नसेल चालणार. मोडलाही असता त्यांनी. पण मोडायचा तर ज्याचा आहे त्याने मोडावा." तुम्हाला दम लागला. मी पाणी पुढे केलं, ते तुम्ही बाजूला सारलंत. "तुम्ही परत शिट्टी घेतलीत."

"या वेळी मी काय करायला हवं होतं? आणि निनादने तर स्वतःहून दिली होती."

"दिली म्हणून घ्यायची?"

मी तोंड उघडलं. तुम्हाला कळलं काय येणार ते, आणि तुम्ही ती दोन बोटं पुन्हा उचललीत, या वेळी मला थांबवायला. "माफी नकोय. उत्तर द्या. विचार करून द्या, घाई नाही."

घाई होती, ताई. मी दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्हाला ग्लानी होती. त्यानंतर भेटण्यासारखं काही उरलं नाही.

शोकसभेसाठी मुलं मैदानावर आपापल्या संघात उभी राहिली. घार भिंतीकडे, टिटवी पायऱ्यांपाशी. शिरीषाच्या झाडाखालची सातभाईंची जागा मोकळी होती. मुक्ता फाटकातून आली आणि सरळ तिथे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने घारच्या रांगेतून जयेश निघाला आणि तिच्यामागे उभा राहिला. सोहम हलला नाही. तो खाली मान घालून बुटाने माती उकरत होता. कोणी भाषण करत होतं. मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

निनाद आला होता. आता पुढचे केस विरळ झाले आहेत. मी त्याला बाजूला घेऊन शिट्टीचं विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

"दिली होती खरी," तो म्हणाला. "तुम्हाला बघून वाटलं, सुटलो. पुढच्या रविवारपासून मात्र... जाऊ द्या सर." मग तो हसला. "मला त्या दिवसाचं दुसरंच आठवतं. ताईंचे मटार."

"मटार?"

"टरफलं पातेल्यात टाकली होती सगळी. आणि दाणे पेपरवर, कचऱ्यात. आम्ही पोरं हसलो, तर म्हणाल्या, गप्प बसा, आज टरफलांचा भात आहे. तुम्ही नाही पाहिलंत?"

मी पाहिलं नव्हतं. मी टाळ्या घेत होतो.

ताई, इतकी वर्षं मी एका निर्भय बाईशी भांडत आलो. तुमच्या हातांना काय होत होतं, याचा मला पत्ता नव्हता. तुम्ही सांगितलं असतंत, तर मी कदाचित वेगळा वागलो असतो. की "तुम्हालाही भीती वाटते ना, मग मी जातो," असं म्हणून आणखी लवकर डोंगर चढलो असतो? हे दुसरंच मला खरं वाटतं, आणि तुम्हालाही ते ठाऊक असावं.

सभा संपल्यावर मुक्ता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "सर, मानसभा बोलवायची आहे."

"अगं, पण मानसभा संघनायक बोलावतात. तू आता..."

"मला कोणी काढलं? मानसभेनं नाही काढलं." तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र तुमच्याइतका कोरडा. "आणि कपाटाची किल्ली द्या."

मी दिली.

रविवारी तिघं पायऱ्यांवर बसली: मुक्ता, घारचा ईशान, टिटवीची तन्वी. मध्ये झेंड्याची काठी आडवी, तिच्यावर शिट्टी. मी नळाजवळ.

"सर, संघ का मोडला ते सांगा," मुक्ता म्हणाली.

विचारलं होतं, बोलणं भाग होतं. "माझं चुकलं" हे शब्द जिभेवर तयार होते. ते उच्चारले असते, तर ही चांगल्या घरातली मुलं "असू दे सर" म्हणाली असती आणि सभा तिथेच संपली असती. म्हणून विचारलं होतं तेवढंच सांगितलं. "मला भीती वाटली. तीन मुलांना काही झालं तर, याची. आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल, याचीही."

"बघ, पॉइंट आहे सरांचा," ईशान म्हणाला. "प्रॅक्टिकली बोल ना मुक्ता. तीन जणांत टेंट कोण उभारणार, पाणी कोण आणणार?"

"मला विचारलं असतं तर कदाचित मी पण हेच बोलले असते. विचारलं नाही."

"मग आता काय, निषेध मोर्चा?"

"ईशान, गप रे," तन्वी म्हणाली.

"आणि सोहमला आमच्यात आवडतंय. तू त्याला तरी विचारलंस का?"

"विचारलं." मुक्ता थांबली. "तो घारमध्येच राहणार म्हणतोय. आम्ही दोघंच आहोत. मी आणि जयेश."

मग पुन्हा सुरू झालं. मोडायचा, नाही मोडायचा. ईशान मोडायच्या बाजूने, मुक्ता विरोधात. तन्वीचं ठरेना. तेच मुद्दे फिरून फिरून आले, आवाज चढले. ईशान म्हणाला, "तुला फक्त लीडर राहायचंय," आणि मुक्ताने ओठ इतके घट्ट मिटले की मला वाटलं आता ही उठून जाणार. आणि ती गेली असती तर पुन्हा आली नसती. माझ्याकडे तोडगा होता. चांगला, सगळ्यांना पटेल असा. नळ ठिबकत नव्हता, तरी मी नळाकडे पाहत राहिलो.

"सर, तुम्हीच सांगा ना," तन्वी रडकुंडीला येऊन म्हणाली. "आम्हाला नाही ठरवता येत."

मुक्ताने शिट्टी उचलली, पायऱ्या उतरून आली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या सर. तुम्ही ठरवा. मी ऐकेन." तिचे खांदे खाली आले होते. तसेच. अगदी तसेच.

माझा हात उठला, ताई. मांडीवरून वीतभर वर आला. मी तो दुसऱ्या हाताने धरला आणि दोन्ही हात खुर्चीमागे नेले. "ती मी घेणार नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे द्यायची नाही, तुझ्याकडे ठेवायची."

ती तशीच उभी राहिली. माझ्यावरचा इतका स्वच्छ राग मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. मी तो शांत करायला काहीही केलं नाही. आयुष्यात मला याहून अवघड काही जमलेलं नाही.

शेवटी ती मागे वळली. पायऱ्यांवर आपल्या जागी जाऊन बसली. मग तन्वी म्हणाली, "टिटवीत आम्ही आठ आहोत. मी कोणाला जा म्हणणार नाही. पण कोणाला जायचंय का, ते विचारीन."

"मी पण विचारतो," ईशान म्हणाला. "पण सोहमवर कोणी प्रेशर टाकायचं नाही."

"नाही टाकणार. आणि कोणीच नाही आलं तर झेंडा मी उतरवणार," मुक्ता म्हणाली. "सरांनी नाही."

तिघांनी हात वर केले.

आज सकाळी शिरीषाखाली मुक्ता आणि जयेश उभे होते. मुक्ताने शिट्टी फुंकली. काही क्षण कोणी हललं नाही. मग टिटवीतून दोघं धावत निघाले, एक मुलगा आणि एक मुलगी. काठी कोणी धरायची यावरून तिथे पोहोचण्याआधीच त्यांचं भांडण लागलं. घारमधून कोणी आलं नाही. पण चुलीच्या सरावाच्या वेळी सोहम तिकडे जाऊन उकिडवा बसला आणि त्या नव्या मुलीला लाकडं कशी रचायची ते दाखवू लागला. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "मी घारचाच आहे सर. नुसतं दाखवतोय."

चौघे झाले, ताई. शिबिरात तिन्ही संघ वेगवेगळ्या वाटांनी डोंगर चढतील, असं मानसभेने ठरवलं आहे. त्याच देवळामागचा डोंगर. ग्रुपवर त्या आईने विचारलं, "चौघंच?" मी लिहिलं, "हो. मी खाली असेन."

तुम्हाला द्यायचं उत्तर हेच, उशिरा का होईना. दिली म्हणून घ्यायची नसते. निनादच्या वेळी मी ती घेतली होती.

शिबिराला निघण्याआधी मंडईत जाऊन मटार घेणार आहे, चांगले दोन किलो. देवळाच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरीन, शेजारी पातेलं ठेवीन आणि चौघे उतरेपर्यंत सोलत बसेन. दाणे पातेल्यातच पडतील, असं काही सांगता येत नाही.